घरचा सर्व्हर घ्यायचाय, पण तो सांभाळणार कोण?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख लपवून): ठाण्यातले एक वाचक, वय ४४, नोकरी अकाउंट्समधली, कंप्युटरची आवड आहे पण "त्यातला नाही" असं स्वतःच लिहितात. घरी बायको आणि दोन मुलं. वीस वर्षांचे फोटो, व्हिडिओ, गाणी आणि डाउनलोड केलेले सिनेमे मिळून अंदाजे ६ टीबी माल पाच एक्स्टर्नल हार्डडिस्कमध्ये विखुरलाय, आणि त्यातली एक डिस्क हल्ली लावली की टक-टक करते. गुगलची जागा सारखी भरते, प्लॅन वाढवावा लागतो. गावी, रत्नागिरीजवळ, वडिलांकडे आजोबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी आणि बहिणीच्या २००४ मधल्या लग्नाच्या मिनी डीव्ही टेपा पडून आहेत. बहीण ऑकलंडला असते, तिलाही हे सगळं बघायचंय. ऑफिसातला मित्र म्हणतो, चार डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायचा डिस्कचा डबा, म्हणजेच घरचा सर्व्हर) घे, रेड-५ लाव, एकदाच खर्च कर आणि कायमचा निवांत हो. बजेट ७०,००० रुपये. बायको म्हणते, "अजून एक खेळणं. आणि तू गावाला गेलास आणि हे बंद पडलं तर मी काय करायचं?" प्रश्न असा की कुठला नॅस घेऊ, आणि बायकोला कसं पटवू?

नमस्कार,

नॅसवर येतेच, पण त्याआधी ती टकटक करणारी डिस्क. हे काम कुठल्याही खरेदीसाठी थांबणार नाही. "अजून चालतेय ना" म्हणून ती रोज लावून बघत असाल तर आजपासून बंद करा. तो आवाज म्हणजे आतलं हेड वाचायला जातंय, जमत नाहीये, परत जागेवर येऊन पुन्हा प्रयत्न करतंय, आणि डिस्क चालू करण्याची प्रत्येक खेप ही शेवटची ठरू शकते. विंडोज "स्कॅन अँड फिक्स" करू का विचारेल, त्याला नाही म्हणा. एक रिकामी डिस्क आणा आणि एकाच बैठकीत आधी फोटो, मग घरचे व्हिडिओ असं उचलत जा, सिनेमांकडे बघूही नका. कॉपी मध्येच अडकायला लागली तर थांबा आणि लिनक्स येणारं कोणी ओळखीत असेल तर त्याच्याकडून डीडीरेस्क्यू चालवून घ्या, ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं, त्यामुळे जेवढं मिळण्यासारखं आहे तेवढं हाती लागतं. आवाज सतत येत असेल आणि आत असं काही असेल जे दुसरीकडे कुठेच नाही, तर स्वतः काहीच करू नका, सरळ रिकव्हरीवाल्याकडे न्या. महाग पडतं, पण आधी घरी प्रयोग केले की त्याच्याही हातात काही उरत नाही. (डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचे व्हिडिओ फिरतात, ते कृपया बघूनच सोडून द्या.)

आता तुमचे ६ टीबी. पत्रात हा आकडा तुम्ही असा लिहिलाय की जणू सगळा एकच ऐवज आहे आणि सगळाच सारखा जपायचाय, मला तिथेच थोडं अडायला झालं. डाउनलोड केलेला सिनेमा गेला तर काय होईल? चुकचुकाल आणि कुठल्यातरी ओटीटीवर परत बघाल. (तो डाउनलोड कुठून झाला यात मी पडत नाही.) मुलीचं पहिलं पाऊल गेलं तर ते जगात कुठेच परत मिळणार नाही. या दोन गोष्टींना एकच बंदोबस्त करायला निघालं की एकतर खर्च अफाट होतो, नाहीतर सगळ्याचीच सुरक्षा अर्धवट राहते. म्हणून खरेदीच्या आधी एक रविवार घालवा आणि तीन ढीग करा. परत कधीच मिळणार नाही तो एक, मिळेल पण कटकट होईल तो दुसरा, आणि गेला तर जाऊ दे असा तिसरा. हिशोब सोपा आहे, मोबाइलचा फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर ५०,००० फोटो म्हणजे २०० जीबी. त्यात घरचे व्हिडिओ धरले तरी तुमचा पहिला ढीग बहुतेक एक टीबीच्या आतबाहेर निघेल. म्हणजे जीव टांगणीला लावणारा प्रश्न एकदम सहाव्या हिश्शावर आला, आणि एवढा माल खिशात मावणाऱ्या डिस्कवर बसतो.

ढीग करताना डुप्लिकेट काढायच्या नादाला लगेच लागू नका. एकच फोटो चार ठिकाणी असू दे, जागा स्वस्त आहे, घाईत चुकीचा उडवलेला फोटो महाग आहे. सगळं एका जागी आलं, त्याची दुसरी कॉपी झाली, मग साफसफाई.

आणि आता असं काही सांगते जे तुम्ही विचारलंच नाहीये. तुमच्या पत्रात सगळ्यात घाईची गोष्ट मध्येच, ओझरती आलीय, गावच्या टेपा. सर्व्हर सहा महिन्यांनी घेतला तरी बिघडत नाही, कोकणातल्या दमट हवेत पडलेल्या टेपांना तेवढा वेळ आहे की नाही हे कोणी सांगू शकत नाही. गावी जाल तेव्हा कॅसेट हातात घेऊन उजेडात धरा आणि त्या छोट्या खिडकीतून टेपच्या कडेकडे बघा. पांढरी पावडर किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, अशी टेप प्लेअरमध्ये घालायची नाही, कारण बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि मग नंतरची प्रत्येक टेप बाद करत जाते. त्या वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्यायच्या. बाकीच्या कॅसेटी घरी करता येतात, चांगला डेक, हेड स्पिरिटने साफ केलेलं, ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपला जोडून ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्ह फाइल करा, एका तासाला साधारण १ जीबी होतो. एमपीथ्री नंतर हवी तेव्हा बनवता येते. काम मात्र कंटाळवाणं आहे, तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई चालत नाही.

मिनी डीव्हीचं वेगळं. त्या टेपवर माल आधीच डिजिटल आहे, तो जसाच्या तसा उतरवायला फायरवायरचं पोर्ट लागतं, आणि ते आजच्या लॅपटॉपला नसतं. जुन्या कॅमेऱ्याला यूएसबी असली तरी बहुतेक मॉडेलमध्ये त्यातून फक्त फोटो किंवा हलक्या दर्जाचा व्हिडिओ येतो, त्याला फसू नका. तासाला १३ जीबीच्या आसपास फाइल होते, पण टेपवर जे आहे ते सगळं येतं. चालू स्थितीतले कॅमेरे दर वर्षी कमीच होणार, त्यामुळे गावातल्या किंवा रत्नागिरीतल्या जुन्या लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या फोटोग्राफरला आधी विचारा, त्याच्या माळ्यावर मशीन निघण्याची शक्यता बरीच असते. देताना "पेनड्राइव्हवर एमपीफोर करून द्या" म्हणू नका, मूळ डीव्ही फाइल मागा.

आता मित्राचा सल्ला. रेड-५ म्हणजे तीन किंवा जास्त डिस्क एकत्र बांधायच्या, त्यातली कुठलीही एक मेली तरी माल शाबूत राहतो, नवीन डिस्क घातली की गणित करून मेलेल्या डिस्कवरचं पुन्हा भरून निघतं. तंत्र चांगलं आहे. पण ते बनलंय काम चालू राहावं म्हणून, दुकान किंवा ऑफिस एक तासही बंद पडू नये म्हणून. तुमच्या घरी एखादी डिस्क गेली आणि दोन दिवस फोटो दिसले नाहीत तर कोणाचं काय अडणार आहे? घरातला माल जातो तो बहुतेक वेगळ्याच वाटेने: मुलाने चुकून फोल्डर उडवला, लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं आणि त्याने नॅसवरच्या फाइल्सही लॉक केल्या, वीज कडाडली आणि अडॅप्टरसकट सगळं गेलं, चोरी झाली, पाणी शिरलं. यातल्या एकाही प्रसंगी रेड कामाला येत नाही. उडवलेला फोल्डर चारही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. शिवाय चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच लॉटमधल्या घेतलेल्या असतात, आणि एक गेल्यावर उरलेल्या तिघी तासन् तास पूर्ण जोरात वाचल्या जातात, नेमकं तेव्हाच दुसरीचं दुखणं बाहेर येतं.

डिस्क मरतात किती, याचा अंदाज हवा असेल तर बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कचे आकडे नियमित जाहीर करते, २०२४ साठी त्यांचं प्रमाण वर्षाला १.५७ टक्के होतं. ऐकायला कमी वाटतं. पण त्या डिस्क एसीत, स्वच्छ विजेवर चालतात, तुमची टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात मे महिना काढणार आहे.

म्हणून मला विचाराल तर चार डिस्कचा नॅस नको. दोन डिस्कचा तयार नॅस घ्या आणि (इथे माझं मत बऱ्याच जाणकारांना पटणार नाही) दोन्ही डिस्क आरशासारख्या जोडू नका, वेगवेगळ्या ठेवा. पहिली रोजच्या वापराची. दुसरीवर रोज रात्री बॅकअप, तोही जुन्या आवृत्त्या राखणारा, म्हणजे मंगळवारी उडवलेला फोल्डर शनिवारी लक्षात आला तरी सोमवारचा परत मिळतो. पहिली डिस्क अचानक मेली तर जास्तीत जास्त एका दिवसाचं जाईल, आणि त्या एका दिवसाचे फोटो अजून फोनमध्येच असतील. घरासाठी हा सौदा मला चांगला वाटतो.

डिस्क घेताना नॅससाठीच्या घ्या आणि खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी, सुटे असलेला प्रकार) लिहिलंय का बघा. एसएमआर प्रकारात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे खूप लिहायला लागलं की ती रडत-रखडत चालते. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या आणि बरीच बोंबाबोंब झाली, तेव्हापासून लोक हे तपासून घेतात. आणि हो, ८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ७.२७ दिसते, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच, दुकानदाराशी भांडायला लॅमिंग्टन रोडला परत जाऊ नका.

जुना पीसी वापरला तर? किंवा इंटेलच्या एन१०० वाला मिनी पीसी? पीसीचा नॅस करणारी ओपनमीडियाव्हॉल्ट, ट्रूनॅस ही फुकटातली सॉफ्टवेअरं दोन्ही चांगली आहेत आणि ज्याला रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायला आवडतं त्याने जरूर करावं, शिकायला खूप मिळतं. पण जुना डेस्कटॉप सहज ७० वॉट ओढतो, चोवीस तास चालवला की महिन्याला ५० युनिट, तेच छोटा नॅस दोन डिस्कसकट २५ वॉटच्या आसपास राहिला तर १८ युनिट. महावितरणच्या स्लॅबमध्ये तुम्ही कुठे बसता ते बघून गुणाकार करा, अकाउंट्सवाले आहात. मिनी पीसीत मोठ्या डिस्क मावत नाहीत, त्या यूएसबीच्या डब्यात बाहेर लावाव्या लागतात, आणि ती एक वायर हलली की रात्रीचा बॅकअप गुपचूप बंद. तुम्ही "त्यातले नाही" म्हणता म्हणून मी तयार नॅसकडे झुकतेय, नाहीतर उत्तर वेगळं दिलं असतं.

तयार बॉक्स घेतला म्हणजे सगळं आपल्या हातात, असं मात्र नाही. सिनॉलॉजीने २०२५ मध्ये नव्या प्लस मॉडेल्सवर आपल्याच यादीतल्या डिस्कची सक्ती आणली, गिऱ्हाइकांनी आरडाओरड केल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सैल केली. घेण्याआधी त्या मॉडेलला कुठल्या डिस्क चालतात आणि किती वर्षं अपडेट मिळणार हे दुकानात नव्हे, कंपनीच्या पानावर वाचा.

आणि यावरून "एकदाच खर्च, कायमचा निवांत" या वाक्याकडे येते, कारण सगळ्या पत्रात मला खटकलं ते हेच. नॅस म्हणजे चोवीस तास चालणारा, नेटला जोडलेला कंप्युटर. घरात तुळस लावली की रोज पाणी घालणारं माणूस ठरवावं लागतं, तसंच आहे हे. अपडेट टाकणं, डिस्कची तब्येत बघणं, बॅकअप झाला का हे बघणं, पंख्याची धूळ काढणं. जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीचे माय बुक लाइव्ह वापरणारे लोक सकाळी उठले तर डिस्क रिकाम्या, बाहेरून कोणीतरी फॅक्टरी रीसेट मारला होता, आणि त्या मॉडेलला २०१५ नंतर अपडेटच नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर डेडबोल्ट नावाचं रॅन्समवेअर आलं, फाइल्स लॉक आणि सोडवायला ०.०३ बिटकॉइनची मागणी. दोन्ही ठिकाणी फटका बसला तो ज्यांचा बॉक्स थेट इंटरनेटवरून दिसत होता त्यांना. त्यातल्या बऱ्याच जणांनी तो एकदाच सेट केला होता आणि मग निवांत झाले होते.

म्हणजे पहिला नियम, राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून घरात यायचं दार) उघडायचं नाही. कोणी कितीही सांगितलं, "फक्त एकच पोर्ट" म्हटलं, तरी नाही. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर तुम्ही सीजीनॅटच्या मागे असता, म्हणजे इंटरनेटवरचा एकच पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, पब्लिक आयपी तुमचा स्वतःचा नसतोच, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोगही होत नाही. बाहेरून बघायचं असेल तर टेलस्केलसारखं काहीतरी लावा, ते तुमची उपकरणं आपापसात खाजगी बोगद्याने जोडतं, सीजीनॅट असूनही चालतं आणि घरगुती वापराला फुकट पुरतं.

आता बहीण. तिला तुमच्या ६ टीबीत हिंडायचंय असं तुम्ही धरून चाललाय, पण विचारलंय का? ऑकलंडहून ठाण्याच्या घरगुती लाइनवर चढून लग्नाचा व्हिडिओ अडखळत बघण्यापेक्षा तिला तो व्हिडिओ आणि आईबाबांचे निवडक तीन-चारशे फोटो एका शेअर केलेल्या अल्बममध्ये मिळाले तर ती जास्त खूश होईल असा माझा अंदाज. आणि खरी गंमत म्हणजे लग्नाच्या टेपची मूळ फाइल तिच्याकडे एका डिस्कवर गेली की तुमची एक कॉपी आपोआप समुद्रापार झाली. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. नॅस ही त्यातली फक्त एक कॉपी, फार तर दीड.

घराबाहेरच्या कॉपीसाठी माझी सूचना अगदी साधी आहे. दोन सारख्या पोर्टेबल डिस्क घ्या, २ टीबीच्या पुरतील, दोन्हीवर फक्त पहिला ढीग. एक घरात, कपाटात, न जोडलेली. एक गावी, बाबांकडे, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून. गणपतीला जाताना ताजी घेऊन जायची, जुनी घेऊन यायची, मे महिन्यात परत अदलाबदल. चतुर्थीला घरी जाणं काही चुकत नाही, त्यामुळे बॅकअपही चुकत नाही, कुठल्याही अ‍ॅपच्या रिमाइंडरपेक्षा हे पक्कं. बँकेचे, आधारचे वगैरे कागद त्यात असतील तर तेवढा फोल्डर पासवर्डने बंद करा, फोटोंना गरज नाही. आणि ज्यांचं गावी जाणंच होत नाही अशा वाचकांनी ऑफिसचा ड्रॉवर, सासर, शेजारच्या सोसायटीतला मित्र, काहीही चालवावं, एकाच छपराखाली सगळं नको एवढंच.

बायकोला कसं पटवू, हा तुमचा दुसरा प्रश्न. पटवू नका. तिने विचारलंय, "तू नसताना बंद पडलं तर मी काय करायचं?" तुम्ही त्याला विरोध समजलात, माझ्या मते तुमच्या सगळ्या प्लॅनमधला सगळ्यात नेमका प्रश्न तिने विचारलाय, आणि मित्राच्या यादीत त्याचं उत्तर नाही. नॅसमधली डिस्क काढून विंडोज लॅपटॉपला लावली तर ती वाचताच येत नाही, "फॉरमॅट करू का" असं विचारते, आणि घाबरलेलं माणूस हो म्हणतं. म्हणून त्या पोर्टेबल डिस्क एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हींना वाचता येणारा फॉरमॅट), साध्या फोल्डरमध्ये ठेवा, २००४, २००५ अशी वर्षं, आत "ताईचं लग्न", "गोव्याची ट्रिप". कुठल्याही बॅकअप सॉफ्टवेअरच्या फॉर्मॅटमध्ये नको. मुलीनेही लॅपटॉपला लावली की फोटो दिसले पाहिजेत.

मग एक कागद करा. खरा कागद, प्रिंट काढून, विम्याच्या पॉलिसी ठेवता त्या फाइलमध्ये. त्यावर: बॉक्स कुठला, चालू-बंद कसा करायचा, लाल दिवा लागला तर काही न करता फक्त बंद कर, फोटोंची कॉपी कपाटातल्या निळ्या डिस्कवर आहे, दुसरी गावी आहे, पासवर्ड अमुक ठिकाणी, आणि मदतीला फोन कोणाला करायचा. लिहून झाल्यावर तुम्ही खोलीबाहेर जा आणि बायकोला तो कागद वाचून २०१२ चा एखादा फोटो काढून दाखवायला सांगा. जिथे ती अडेल तिथे कागद चुकलाय, ती नाही. गुगल अकाउंटमध्ये "इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" नावाची सोय आहे, तिथे तिचं नाव घाला, कारण दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट काढून टाकायचं धोरण गुगलने २०२३ पासून लागू केलंय.

गुगलवरून आठवलं, नॅस आला की लगेच प्लॅन बंद करू नका. १ जून २०२१ पासून फोटोंची फुकट अमर्याद जागा गेली आणि तेव्हापासून दर महिन्याला कापले जाणारे पैसे डोळ्यात सलतात हे मान्य, पण निदान वर्षभर दोन्ही चालू ठेवा. तिथून माल काढायला टेकआउट वापरा, झिप ५० जीबीच्या मागवा म्हणजे तुकडे कमी होतील. एक खोच आहे, तारखा आणि जागांची बरीच माहिती फोटोत न राहता शेजारच्या जेसन फाइलमध्ये येते, त्या कचरा समजून उडवू नका. घरच्या सर्व्हरवर गुगल फोटोजसारखं हवं तर इमिच बघा, चेहरे ओळखतं, फोनमधून आपोआप फोटो उचलतं, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची स्टेबल आवृत्ती आली. त्यात चेहऱ्यांना दिलेली नावं आणि अल्बम डेटाबेसमध्ये असतात, फोटोंच्या फोल्डरमध्ये नाही, तेव्हा बॅकअपमध्ये डेटाबेसही धरा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचा एक वैताग ठरलेला आहे, त्यातली तारीख पुसलेली असते, फक्त फाइलच्या नावात उरते, मग सगळे एकाच दिवशी काढल्यासारखे ढिगाने दिसतात. एक्झिफटूल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने नावातली तारीख आत लिहिता येते, पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारचं काम आहे. घरात आयफोन असेल तर "ऑप्टिमाइज स्टोरेज" चालू आहे का बघा, तसं असेल तर फोनवर फक्त छोटी कॉपी असू शकते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर, नुसता फोन वायरने जोडून कॉपी केल्याने काम भागत नाही.

सिनेमांचं थोडक्यात. जेलीफिन टाका, सर्व्हरवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. टीव्ही फाइल जशीच्या तशी वाजवू शकत असेल तर साधा नॅसही पुरतो, सर्व्हरला फाइल चालताचालता बदलून द्यावी लागली की दम लागतो. काही टीव्ही डीटीएस आवाज वाजवत नाहीत, चित्र दिसतं आणि आवाज गायब, तेव्हा सर्व्हरला शिव्या देण्याआधी हे तपासा. मराठी सबटायटल ऐवजी चौकोन दिसले तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि देवनागरी फॉन्ट घाला.

जोडणीत दोनच गोष्टींवर कंजूषी नको. एक, नेटवर्क केबल. चांगल्या गिगाबिट जोडणीवर २ टीबी माल साधारण पाच तासांत जातो, तोच १०० एमबीपीएसवर दोन दिवसांहून जास्त घेतो, आणि स्वस्त राउटरची पोर्टं १०० चीच असतात किंवा केबलवाल्याने आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या असतात. प्लग हातात धरून पारदर्शक टोकातून तारा मोजा, आठ रंग दिसायला हवेत. पहिली मोठी कॉपी वायफायवर करू नका. दुसरी, यूपीएस. घरात इन्व्हर्टर असला तरी लागतो, कारण बदलताना बसणाऱ्या झटक्यात बॉक्स बंद पडू शकतो आणि इन्व्हर्टरची बॅटरी संपत आलीय हे त्याला कोणी सांगत नाही. यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या, त्या वायरमधून नॅसला लाइट गेल्याचं कळतं आणि तो स्वतःहून नीट बंद होतो. अगदी स्वस्त यूपीएसना ती यूएसबी नसते, बघून घ्या. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल, ती खर्चात धरा. बॉक्स माळ्यावर नको, बंद कपाटात नको, डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या खाली राहील अशी मोकळी जागा बघा, आणि बेडरूममध्ये तर नकोच, रात्री डिस्कची कुरकुर ऐकू येते.

सांभाळायचं म्हणाल तर महिन्यातून अर्धा तास पुरतो. अपडेट, स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ठेवते तो हिशोब) "रीअलोकेटेड" आणि "पेंडिंग सेक्टर" हे आकडे शून्यावरून हललेत का (हलले आणि वाढत राहिले की डिस्क बदलायची, वाट बघायची नाही), आणि बॅकअपमधून कुठलीही एक फाइल खरोखर परत काढून उघडून बघणं. हे शेवटचं लोक कधीच करत नाहीत. "बॅकअप सक्सेसफुल" असा हिरवा संदेश येतो आणि आत रिकामा फोल्डर असतो, कारण सेटअपच्या वेळी एक टिक राहिलेली असते. दर महिन्याला हा अर्धा तास मिळणार नाही असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर सर्व्हर घेऊच नका, गुगलचा प्लॅन चालू ठेवा, दोन पोर्टेबल डिस्क घ्या, गणपती आणि मे ठरवून टाका. त्यात काही कमीपणा नाही, आणि बऱ्याच घरांना मी हेच सांगेन.

पैशांचं असं करा. पहिली खरेदी, तातडीने, दोन पोर्टेबल डिस्क, त्यातली एक टकटकणारीवरचा माल उचलायला लगेच कामी येईल. दुसरा खर्च टेपांवर, कॅसेटींचा चांगला डेक किंवा डिजिटाइझ करून देणाऱ्याची फी. हे दोन्ही झाल्यावर उरतील त्यात नॅस, दोन डिस्क आणि यूपीएस बसतात का बघा. डिस्कच्या किमती सारख्या हलतात, त्यामुळे दुकानात नवा भाव विचारूनच पक्का हिशोब करा, आणि नाही बसलं तर सध्या एकाच डिस्कवर नॅस चालू करा, दुसरी दिवाळीत घाला. तोवर पोर्टेबल डिस्क आहेतच. बाबांना आजच फोन करून टेपांची पेटी जमिनीवरून उचलून कोरड्या जागी ठेवायला सांगा, आणि कुठल्या कॅसेटमध्ये कोण गातंय हे त्यांना आठवतंय तोवर फोनवर विचारून लिहून घ्या, ती यादी कुठलाही सर्व्हर बनवून देणार नाही.